ढगांच्या झाकणापर्यंत

ढगाच्या पोटातून एक डबी वर न्यायची आणि परत खाली आणायची. मोहीम एवढीच होती. अडचण अशी, की तो ढग अरबी समुद्रावर होता, मढच्या किनाऱ्यापासून निम्म्या दिवसाच्या वाटेवर, आणि वर्षातले मोजकेच दिवस तो तसा बनायचा.

उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, की त्याच्या पाठोपाठ थंड, कोरडी हवा राजस्थान-गुजरातवरून खाली घसरत येते. बोरिवलीत लोक कपाटातून स्वेटर काढतात, मुलुंडमध्ये सकाळी फिरायला जाणारे कानाला मफलर गुंडाळतात, आणि वर्तमानपत्रं मुंबई गारठल्याचा मथळा देतात. पुढे त्या हवेचं काय होतं हे कुणी विचारत नाही. ती समुद्रावर जाते. समुद्र जानेवारीतही कोमट असतो. थंड हवेखाली कोमट पाणी, म्हणजे मंद आचेवर ठेवलेलं पातेलं. वाफ वर चढते, पण फार वर जाऊ शकत नाही, कारण किलोमीटरभर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. त्या झाकणाखाली ढग पसरतात. ठेंगणे, पांढरे, वाऱ्याच्या दिशेने ओळीने लागलेले. उपग्रहाच्या चित्रात ते नांगरलेल्या शेतासारखे दिसतात.

श्रुतिका परब तीन हिवाळे ती चित्रं बघत होती. एका संशोधन संस्थेत तिचं ढगांचंच काम होतं. त्याच वाऱ्यावर बसून मुंबईचा धूरही समुद्रावर जातो. तो ढगात शिरला की पाण्याचे थेंब बारीक होतात का? ढग अधिक पांढरा होऊन ऊन अधिक परतवतो का? चित्रं बघून उत्तर मिळत नव्हतं. थेंबांचे फोटो हवे होते, आणि त्यासाठी कॅमेरा ढगात जायला हवा होता. संस्थेने मार्चअखेर हा प्रकल्प बंद करायचं ठरवलं होतं. फोटो मिळाले तर तो पुढे चालणार होता. नाही मिळाले तर तिला दुसऱ्याच्या विषयावर बसवणार होते. आणि थंडीची एखादीच लाट आता शिल्लक होती.

विमान परवडणारं नव्हतं. दोरीला बांधलेला फुगा तेवढ्या वाऱ्यात आडवा पडायचा. तेव्हा हर्षद साटम म्हणाला, "मग पतंग लाव ना."

हर्षद आणि श्रुतिका घाटकोपरला एकाच इमारतीत वाढले होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून खाली उतरायचा नाही. त्याने दाराएवढा पतंग बांधला. बोटभरही जाड नसलेला, पण दोन माणसांना तोलेल असा दोर आणला. लिफ्टच्या जुन्या सामानातून मोटारवर फिरणारी फिरकी तयार केली. सगळ्या परवानग्या आल्या. डबी तयार झाली. जेवणाच्या डब्याएवढी, थर्माकोलच्या कवचातली, वरून नारिंगी रंगवलेली. तिच्यातले तापमानाचे आणि ओलाव्याचे आकडे रेडिओवरून खाली येणार होते. फोटो मात्र आतच राहणार होते. ते हवे असतील तर डबी हातात यायला हवी होती.

निघायच्या पहाटे अण्णांनी, श्रुतिकाच्या वडिलांनी, एक जाड लाल चादर तिच्या पिशवीवर ठेवली. ते कामाला होते ती मिल चालू असताना तिथल्याच दुकानातून घेतलेली.

"गो, ही घेवन जा."

"अण्णा, मुंबईत कसली आलीय थंडी?"

"मुंबयत नाय. दर्यार आसता."

वाद घालायला वेळ नव्हता. तिने चादर कोंबली आणि निघाली.

*

'हरबाकृपा' ही मासेमारीची नाव फटफटताना मढहून सुटली. सुकाणूवर रतन नाखवा होते, पन्नाशी उलटलेले, बोलायला कंजूस. इंजिनापाशी त्यांचा भाचा सिद्धेश. त्याला शांतता सोसत नसे. मामांच्या वाट्याचंही तोच बोलायचा.

वारा पाठीवर होता आणि खरोखर थंड होता. किनाऱ्याजवळचं आकाश स्वच्छ होतं, एक ढग नाही. मालाड-अंधेरीचे टॉवर आधी बुटके झाले, मग त्यांच्यामागचे नॅशनल पार्कचे डोंगर त्यांच्याहून उंच दिसू लागले, आणि शेवटी सगळंच एका तपकिरी पट्ट्यात बुडालं. तो पट्टा म्हणजे शहराचा धूर. तोही त्याच झाकणाखाली अडकून त्यांच्या मागोमाग येत होता.

हर्षद कठड्याला धरून दोनदा ओकला.

"गच्ची हलत नाय यार," तो म्हणाला.

"तू पतंग सोड," सिद्धेश म्हणाला. "गच्ची आम्ही धरून ठेवतो."

"हसू नको रे. तू कधी लिफ्टच्या छपरावर उभा राहिलायस?"

"मी लिफ्टमध्येच उभा राहत नाय. बंद खोलीत माझा जीव जातो."

दुपारी पश्चिमेला एक पांढरी कड दिसली. आधी वाटलं, क्षितिजच उजळलंय. मग ती कड डोक्यावर आली आणि तिच्या ओळी झाल्या. एकेक ओळ वाऱ्याच्या रेषेत, दूर नैर्ऋत्येकडे गेलेली, दोन ओळींमध्ये निळी पट्टी. खालून बघताना त्यांची पोटं करडी आणि सपाट होती, जणू कुणी एकाच पातळीवर कापून ठेवली होती. तीन वर्षं वरून पाहिलेलं ते शेत श्रुतिका पहिल्यांदा खालून बघत होती.  मग ती सुकाणूकडे वळली.

"रतनकाका, इथेच."

रतन नाखव्यांनी नाव वळवून नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, वाऱ्यावर धरली. सिद्धेशने इंजिन मंद ठेवलं. हर्षदचा चेहरा अजून हिरवट होता, पण पतंग हातात आल्यावर त्याच्या पायांना नाव हलत असल्याचा विसर पडला. नावेच्या मागून पतंग सुटला, एकदा पाण्याकडे झुकला, आणि मग वर गेला. त्याच्याखाली नारिंगी डबी झोके घेत चढू लागली.

श्रुतिकाच्या कानातल्या यंत्रात डबीच्या रेडिओची टिकटिक होती आणि समोर आकडे. उंची वाढत होती, तापमान उतरत होतं, ओलावा वाढत होता. सगळं पुस्तकात असतं तसं. पतंग ओळीच्या करड्या पोटाला लागला आणि दिसेनासा झाला. उरला फक्त दोर, नावेपासून ढगापर्यंत गेलेला.

"आत गेला," हर्षद म्हणाला.

"माहितीये. ओलावा पूर्ण भरलाय. फोटो निघतायत. चढू दे."

पतंग चढत राहिला. झाकणाच्या अगदी खाली वारा सगळ्यात जोरात असतो, हे श्रुतिकाने हर्षदला सांगितलं होतं. झाकणाच्या वर तो एकदम पडतो, हेही सांगितलं होतं. हर्षदने मान डोलावली होती. पण ऐकणं कानांचं काम आणि पतंग उडवणं हातांचं.

दोराला हिसका बसला. फिरकी किंचाळली. गच्चीवर असा हिसका बसतो तेव्हा दुसऱ्याचा मांजा आपल्या मांज्यावर घासत असतो, आणि तेव्हा पतंगबाज एकच गोष्ट करतो. विचार करत नाही. ढील देतो.

हर्षदने ढील दिली. भरपूर दिली!

पतंग मोकळा सुटला. श्रुतिकाच्या समोरचा तापमानाचा आकडा थांबला, आणि मग उलटा फिरला. वर जाता जाता हवा उबदार होत होती. ओलावा कोसळला. डबी ढगाच्या पाठीवर पोहोचली होती.

"झाकण!" ती ओरडली. "हर्षद, झाकण फुटलं! आपण वर आहोत!"

पण वर वारा नव्हता. पतंग तिथे हात सोडून दिलेल्या माणसासारखा ढिला पडला. सोडलेला सगळा दोर आकाशातून सैल होत पाण्यावर उतरला. हर्षद फिरकीचं बटण दाबत होता, मोटार गुरगुरत होती, पण एवढा दोर एका दमात आत येणं शक्य नव्हतं. एक लाट आली. तिने नाव मागे सारली. सरळ त्या दोरावर!

इंजिन एकदा खोकलं. थांबलं.

"पंखा!" सिद्धेश ओरडला. "दोर पंख्यात गेला!"

आणि त्याच वेळी वरचा पतंग पडत पडत झाकणाखाली आला. पुन्हा जोराच्या वाऱ्यात शिरला. भरला. दोर पंख्यापासून ढगापर्यंत तारेसारखा ताठ झाला, आणि पतंग नावेला मागून ओढू लागला. खुल्या समुद्राकडे.

*

इंजिन बंद पडल्यावर समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला.

"ढील कशाला दिलीस?" सिद्धेशने विचारलं.

"मी नाय दिली," हर्षद म्हणाला. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "हातांनी दिली."

"भांडायचं ते किनाऱ्याला लागल्यावर," रतन नाखवा म्हणाले. त्यांनी वायरलेस उचलला. तटरक्षक दलाला ठिकाण कळवलं. मग मढच्या नावांना हाक दिली. एकच उत्तर आलं. मढच्याच विशालची नाव उत्तरेला जाळं टाकून उभी होती, बऱ्याच अंतरावर. "येतो," एवढंच तो म्हणाला आणि आवाज बंद झाला.

नांगराचा दोर इथल्या तळापर्यंत पुरणारा नव्हता. रतन नाखव्यांनी जुन्या जाळ्याचा मोठा गुंडाळा केला, त्याला वजन बांधलं आणि नाळेवरून पाण्यात सोडला. त्याने नाव थांबली नाही, पण तोंड लाटांना धरून राहिली. वाऱ्याची दिशा काही बदलली नव्हती. ज्या वाऱ्याने ढग केले, तोच त्यांना नैर्ऋत्येला नेत होता, मोठ्या जहाजांच्या वाटेकडे. तिथे अंधारात बंद इंजिनाची लाकडी नाव म्हणजे काय, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

मग रतन नाखवा श्रुतिकाकडे वळले.

"पोरी, दोर तोडावा लागंल. तो ताठ हाय तोवर सिद्धेशला पंख्याजवळ सोडणार नाय मी. एक हिसका बसला तर बोटं जातील."

"फिरकीने ओढून नाही घेता येणार?" तिने विचारलं, जरी उत्तर तिला दिसत होतं. फिरकी आणि पतंग यांच्यामध्ये पंखा होता.

"नाय."

तिने वर पाहिलं. त्या करड्या पोटाच्या आत कुठेतरी डबी होती आणि डबीत थेंबांचे फोटो. असे फोटो तिने तरी कुठे पाहिले नव्हते. तिने हात पुढे केला.

"सुरी द्या. मी कापते."

रतन नाखव्यांनी आकडी घालून दोर नावेजवळ ओढून धरला. तो वाजत होता. तिने सुरी टेकवली आणि दाबली. एकच फटका, आणि दोराचं टोक सापासारखं हवेत गेलं.

गच्चीवर पतंग कापला की चार गच्च्यांवरून आरोळी उठते. इथे फक्त लाटांचा आवाज होता.

बऱ्याच वेळाने, लांबवर, ढगातून एक नारिंगी ठिपका गिरक्या घेत पडताना दिसला. मग तोही लाटांमागे गेला. श्रुतिकाने कानातलं यंत्र चाचपलं. टिक. टिक. टिक. थर्माकोल तरंगत होतं. डबी जिवंत होती. संध्याकाळनंतर थोडा वेळ पुरेल एवढीच तिची बॅटरी होती.

"ऐकू येतंय?" हर्षदने विचारलं.

"येतंय."

"मग आणू आपण. इंजिन सुटू दे फक्त."

सिद्धेशने तोवर शर्ट काढला होता. दातात सुरी धरून तो मागच्या कठड्यावर बसला आणि खाली बघू लागला. नावेची मागची बाजू लाटेबरोबर वर जात होती आणि पाण्यावर आपटत होती. प्रत्येक आपटीला फळ्या कण्हत होत्या.

"मधल्या वेळात जाईन," तो म्हणाला. "वर आली की आत, खाली यायच्या आत बाहेर."

"थांब," श्रुतिका म्हणाली. "रतनकाका, त्याला आता सोडू नका. वारा पडणार आहे."

"कोण सांगतं?"

"ढग सांगतायत." तिने नैर्ऋत्येकडे बोट केलं. "या ओळी सरळ आहेत कारण वारा जोरात आणि एका रेषेत आहे. उत्तरेतून थंड हवा ढकलली जातेय तोवर त्या अशाच राहणार. पण ती ढकल आज संपत आलीय. सकाळचा नकाशा मी पाहिला होता, मागचा जोर पूर्वेला सरकतोय. जोर कमी झाला की ओळी आधी वाकड्या होतात, मग तुटतात, आणि शेवटी ढगांचे सुटे गोळे राहतात. ते दिसले की समजा वारा गेला. वाऱ्यामागोमाग ही लाटही बसेल. आपण पश्चिमेकडून येणाऱ्या लाटांवर नाही, याच वाऱ्याच्या लाटांवर आहोत."

"आनि नाय पडला तर?"

"तर माझी चूक. पण आत्ता हा खाली असताना नाव त्याच्या डोक्यावर बसली तर?"

रतन नाखव्यांनी ढगांकडे पाहिलं. मग लाटांकडे. ते बराच वेळ लाटांकडेच बघत होते.

"लाट आखूड हाय," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे इथलीच हाय. तुझं खरं असंल." त्यांनी हात लांब करून सूर्याखाली वीत धरली. "सूर्य पाण्यापासून एवढा राहीपर्यंत थांबतो. मंग तो उतरल."

सिद्धेशने दातातली सुरी काढली. "मला कुणी विचारतंय का?"

"नाय," मामा म्हणाले. "शर्ट घाल."

*

वाट बघणं हे त्या दिवसातलं सगळ्यात कठीण काम ठरलं. सिद्धेशने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली. हर्षदने नुसती भाकरी चावली आणि ती पोटात राहिली, याचं त्यालाच नवल वाटलं. श्रुतिका पाठीवर आडवी होऊन ढगांकडे बघत होती.

ओळी सरळ होत्या. अजून सरळ होत्या. तिच्या मनात शंका आली, की सकाळचा नकाशा तिला जसा हवा होता तसा तर तिने वाचला नाही? नैर्ऋत्येला एक मोठं जहाज आडवं गेलं, बोटाच्या पेराएवढं. थोड्या वेळाने दुसरं. ते दोन पेरांएवढं होतं.

सूर्य उतरत होता. रतन नाखव्यांनी एकदा हात लांब केला, वीत धरली आणि खाली घेतला.

मग ईशान्येकडच्या एका ओळीला बाक आला.

श्रुतिका उठून बसली. बाक आलेल्या जागी फट पडली. फटीतून ऊन समुद्रावर उतरलं आणि पाण्यावर एक चकाकणारा डाग पडला. शेजारची ओळ तशीच वाकली. सपाट, करडी पोटं फुगून गोल झाली आणि एकमेकांपासून सुटू लागली. कुणीतरी पिंजलेला कापूस हाताने वेगळा करून ठेवावा, तसं सगळं आभाळ सुट्या गोळ्यांचं झालं. तीन वर्षं तिने हे उपग्रहाच्या दोन चित्रांमध्ये पाहिलं होतं, एक आधीचं आणि एक नंतरचं. मधलं असं असतं, हे तिला आज कळत होतं.

"श्रुती," हर्षद हळूच म्हणाला. "माझे केस उडायचे थांबले."

वारा पडला होता. लाटा लगेच बसल्या नाहीत, पण त्यांच्या माथ्यावरचा फेस गेला. मग त्या गोलसर झाल्या. नावेच्या मागच्या बाजूचं आपटणं कमी होत होत नुसतं डुलणं राहिलं. सूर्याखाली अजून वितीहून जास्त जागा होती.

"जा," रतन नाखवा म्हणाले.

सिद्धेश कमरेला दोरी बांधून उतरला. दोरीचं दुसरं टोक मामांच्या मुठीत. पहिल्या बुडीत तो रिकामा वर आला. "दगड झालाय दोराचा," म्हणाला. दुसऱ्या बुडीत थोडे तुकडे आले. तिसऱ्या वेळी तो एवढा वेळ खाली राहिला, की रतन नाखव्यांनी दोरी ओढायला घेतली. तेवढ्यात पाणी फुटलं आणि सिद्धेशचा हात वर आला. हातात दोराचा, नारळाएवढा गोळा!

त्याला वर घेतलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. श्रुतिकाने पिशवीतून अण्णांची लाल चादर ओढून काढली आणि त्याच्याभोवती गच्च गुंडाळली.

"भारी हाय ही," तो थरथरत म्हणाला. "कुठून घेतली?"

"मिळत नाही आता. मिलच नाही राहिली." तिने चादरीचं टोक त्याच्या डोक्यावरून घेतलं. सकाळी ती चादर घरीच ठेवून यायचं तिच्या मनात होतं. "थँक्यू रे, सिद्धेश."

"मला नको. वाऱ्याला बोल."

इंजिनाने दोन आचके दिले आणि धरलं. तो आवाज ऐकून हर्षदने इंजिनाच्या पेटीला हात जोडले. सिद्धेश सोडून कुणी हसलं नाही.

"कुठं घेऊ?" तटरक्षक दलाला इंजिन लागल्याचं कळवून रतन नाखव्यांनी विचारलं.

श्रुतिकाच्या कानात टिकटिक चालू होती. फार लांब नव्हती. "नैर्ऋत्येला," ती म्हणाली. "उजेड जायच्या आत मिळेल."

त्यांनी नाळ वळवायला घेतली, तेवढ्यात उत्तरेकडून विशालची नाव आली. पूर्ण वेगात, पुढचं अर्धं अंग पाण्याबाहेर काढून. जवळ येऊन तिने वेग तोडला. नाळेवर विशाल उभा होता, चाळिशीचा, मफलर गुंडाळलेला.

"सांगितल्या जागी नव्हतात, शोधत फिरलो. मला वाटलं बुडालात," तो म्हणाला. "इथं तर चादर गुंडाळून बसलेत लोक."

"इंजिन लागलं आत्ताच," रतन नाखवा म्हणाले. "जाळं उचललंस?"

"कधी उचलणार? बावटा लावून सोडलं आनि आलो."

"सगळं?"

"सगळं."

रतन नाखवा उत्तरेकडे बघू लागले. श्रुतिकाने सिद्धेशकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "त्याचं जाळं कोसभर लांब हाय. या मोसमात नवीन विणलेलं. तिथून जहाजांची वाट जवळ. अंधार पडला की बावटा कोण बघतो? जहाजाच्या पंख्यात गेलं की झालं, चिंध्या मिळतील."

"त्याच्या नावेवर माणसं किती?"

"तो धरून तिघं. आज दोन गडी आले नायत. तिघांनी ओढायला रात्र लागंल."

विशालला ते ऐकू गेलं असावं. "आमचं आम्ही बघू," तो म्हणाला. "तुमचं काम बाकी हाय ना? काका बोलले वायरलेसवर, डबी हाय म्हणून. जा, उजेड हाय तोवर जा."

कुणी काही मागत नव्हतं. नाव मोहिमेसाठी घेतली होती, आणि मोहीम श्रुतिकाची होती. नैर्ऋत्येला डबी. उत्तरेला जाळं. सूर्य दोन्हींना सारखाच उरला होता. टिक, टिक, टिक. विशालने रतन नाखव्यांची हाक ऐकली तेव्हा वाऱ्याचं काय होणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. पंखा सुटेल की नाही, हेही नव्हतं. तो 'येतो' म्हणाला होता आणि आला होता.

"दोन नावांनी दोन टोकांकडून ओढलं तर?" तिने विचारलं. "अंधाराआधी होईल?"

विशालने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "होईल कदाचित."

"रतनकाका, उत्तरेला घ्या."

हर्षद उठून तिच्याजवळ आला. "श्रुती, तीन वर्षं. आणि माझ्या ढिलीपायी..."

"तुझ्या ढिलीमुळेच डबी झाकणाच्या वर गेली, गाढवा. ते आकडे आलेत माझ्याकडे. पाण्यापासून झाकणाच्या पाठीपर्यंत, सलग. अर्धं उत्तर आहे हातात."

"आणि उरलेलं अर्धं?"

"बघू." तिने बाह्या वर सरकवल्या. "नाही चालू ठेवला प्रकल्प, तर नाही. जाळं कसं धरायचं ते विचार सिद्धेशला आधी."

*

जाळं ओढायची एक लय असते, ती सिद्धेशने दोघांना दाखवली. हातांनी नाही, पाठीने ओढायचं. लाट नावेला उचलते तेव्हा थांबायचं, खाली सोडते तेव्हा घ्यायचं. "समुद्रालाच ओढू द्या," तो म्हणाला. लाल चादर त्याने गळ्यात गाठ मारून पाठीवर टाकली होती आणि ती काढायला तो तयार नव्हता. हर्षदने लय पटकन पकडली. दोरावर ताण आला की ढील द्यायची नाही, हे तो दर वेळी स्वतःशी पुटपुटत होता आणि त्यामुळे विशालची माणसं लांबून हसत होती.

जाळ्यातून थोडे घोळ मासे आले, थोडे बांगडे, एक मोठी सुरमई. श्रुतिकाच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, आणि खारं पाणी त्यात झोंबलं. पश्चिमेला ढगांचे सुटे गोळे आता खालून तांबूस झाले होते. अजून थोड्या वेळात तेही विरणार होते. थंडीची लाट संपली होती. उद्या घाटकोपरला अण्णा पंखा लावतील आणि चादर कुठे गेली म्हणून विचारतील.

दोन्ही नावा जवळ येत होत्या. समोरच्या नावेवर विशाल दिसत होता, मग त्याचा चेहरा दिसू लागला, मग त्याच्या हातातल्या जाळ्याची वीण. दक्षिणेकडे एका जहाजाचे दिवे लागले आणि इकडे सरकू लागले.

"घ्या!" रतन नाखवा म्हणाले. "शेवटचं हाय, घ्या!"

सगळे एकदम मागे झुकले. कानातली टिकटिक आता फार पुसट झाली होती. मध्ये मोठी फट पडायची, मग एखादी टिक यायची, मग पुन्हा फट. ती ऐकत राहायचं तिने ठरवलं होतं. निदान शेवटची तरी.

जाळ्याचं टोक कठड्यावरून आत आलं. विशालने ते पलीकडून उंच धरलं आणि हसून सोडून दिलं. जहाज दूरवरून, रिकाम्या पाण्यावरून निघून गेलं.

शेवटची टिक कधी वाजली, हे श्रुतिकाला कळलं नाही. त्या वेळी तिचे दोन्ही हात जाळ्यात होते.